केरबाच्या उसातली पिल्लं

आमदार राजवर्धनदादांच्या गाडीचं स्टिअरिंग हातात आलं, तेव्हा जोतिबाच्या आईनं, रंगुबाईनं, पलूसच्या बाजारातून पेढे आणून आख्ख्या आळीला वाटले होते. "माझा जोतिबा राजाचा सारथी झाला," असं ती भेटेल त्याला सांगायची. जोतिबानं सतरा वर्षं पलटणीत काढली होती. लडाखच्या घाटात त्यानं दारूगोळ्याच्या गाड्या हाकल्या होत्या. हवालदार होऊन घरी आल्यावर दोन वर्षं ऊस केला, पण मन रमेना. मग ही नोकरी चालून आली.

आणि नोकरी होतीही तशीच. पुढं दोन गाड्या, मागं चार, मध्ये दादांची पांढरीशुभ्र गाडी. टोलनाक्यावरचा दांडा लांबूनच वर जायचा. गावात शिरताना फटाक्यांच्या माळा लागायच्या, जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळली जायची, आणि काचेवर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या वायपरनं बाजूला सारताना जोतिबाची छाती वीतभर फुगायची. दादा उतरायचे तेही रुबाबात. सव्वासहा फूट उंची, भरदार आवाज, पाठीवर पडली तर माणूस दोन पावलं पुढं जाईल अशी थाप.

पण गाडीचं दार बंद झालं की आतला माणूस वेगळा असायचा, हे हळूहळू जोतिबाच्या लक्षात आलं. दादा अंगठ्याचं नख कुरतडत बसायचे. दोन्ही फोन आळीपाळीनं वाजायचे आणि प्रत्येकाला एकच उत्तर जायचं, "व्हय व्हय, करून टाकू." एका गावात एसटीचा थांबा रस्त्याच्या कुठल्या बाजूला करायचा यावरून दोन गट भांडत होते. दादांनी सकाळी एका गटाला शब्द दिला, संध्याकाळी दुसऱ्याला. दोन वर्षं झाली, लोक अजून उन्हात उभे राहतात. जोतिबा मनाशी म्हणायचा, मोठ्या माणसाची मोठी व्यवधानं. आपल्याला काय कळतंय?

डिसेंबरातल्या एका गुरुवारी साताऱ्यातली बैठक आटोपून ते विट्याला लग्नाला निघाले होते. सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या घरचं मोठं लग्न होतं, मद्रास-कोचीहून पाहुणे आले होते. उंब्रज जवळ आलं आणि दादांच्या मोठ्या फोनवर निरोप आला. चिंचणवाडीत केरबाच्या उसात बिबट्याची तीन पिल्लं सापडली होती आणि गाव खवळलं होतं.

"जाऊन येऊ," दादा म्हणाले. "लोकं काय म्हणतील, आमदार रस्त्यानं गेला आन् वळला न्हाई?"

चिंचणवाडी नदीकाठचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला केरबाचा दोन एकरांचा फड होता. सकाळी तोडणी टोळीतल्या एका बाईला सरीत पाचटाखाली पिल्लं दिसली. ती कोयता टाकून ओरडत बाहेर पळाली, आणि दुपारपर्यंत नदीकडची बाजू सोडून फडाच्या तिन्ही बाजूंनी पाचशे माणूस गोळा झालं. कुणी ट्रॉलीवर चढलेलं, कुणी आंब्यावर. बारकी पोरं तर अगदी उसाला खेटून उभी होती. लोकांच्या रागालाही कारण होतं. आठच दिवसांपूर्वी गावातल्या आकारामच्या मोटरसायकलवर बिबट्यानं झेप घेतली होती. दंडाला एकवीस टाके पडले होते. तोही हात गळ्यात अडकवून तिथं आला होता.

फडाच्या तोंडाशी एक पोरसवदा मुलगी खाकी कपड्यांत उभी होती. ती साक्षी, वनरक्षक. तिच्या पायाशी टोमॅटोचा क्रेट होता आणि त्यावर ओलं पोतं. पोत्याखाली पिल्लं होती. आणि तिच्या शेजारी, पदर कमरेला खोचून, चाळिशीची एक बाई लोकांना हातानं मागं सारत होती. जोतिबाला वाटलं, हिचं पोर गर्दीत हरवलं असावं. ती गावची सरपंच विजयमाला होती, हे त्याला नंतर कळलं.

सात गाड्या थांबल्या तशी गर्दी दुभंगली. "दादा आले, दादा आले!" दादा उतरले, हात जोडले, आणि केरबा थेट पुढं आला. हातात डिझेलचा कॅन होता.

"दादा, ऊस माझा हाय. चारी बाजूनं पेटवतो. आत मादी हाय, एकदाची जाऊ दे जळून."

लोकांनी आरोळी ठोकली. दादांनी गर्दीकडं बघितलं, मग केरबाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "लोकभावना मला कळती, केरबा. गाव म्हणंल ते खरं."

साक्षी घाबऱ्या घाबऱ्या पुढं आली. "सर, आत आई आहे. आग लागली तर ती बाहेर येईल, आणि बाहेर ही सगळी माणसं आहेत. शिवाय कायद्यानं..."

"मॅडम, तुम्ही तुमचं काम करा," दादा खालच्या आवाजात म्हणाले. "पिल्लांच्या केसाला धक्का लागणार नाही. माझा शब्द."

तेवढ्यात एका वाहिनीचा पत्रकार माईक घेऊन आला. त्याला दादांनी सांगितलं, संध्याकाळच्या आत दहा पिंजरे लावून बिबट्या जेरबंद करण्यात येईल. पिंजरे कुठून येणार, हे त्यानं विचारलं नाही आणि दादांनी सांगितलं नाही.

जोतिबा गाडीच्या दाराशी उभा होता. पाच मिनिटांत तीन माणसांना तीन उत्तरं गेलेली त्यानं ऐकली. तिघंही समाधानानं मागं फिरले होते. पण ते समाधान फार टिकलं नाही. कारण केरबाच्या भावकीतला एकजण ओरडला, "आमदारसाहेबांनी परवानगी दिली! आणा रं चिंध्या!" गर्दी पुढं सरकली. कुणीतरी क्रेटला लाथ मारली, पोतं सरकलं आणि आतून मांजरासारखं बारीक केकाटणं ऐकू आलं. साक्षी क्रेटवर ओणवी झाली. तिची टोपी खाली पडली.

"सर, तुम्ही सांगा ना त्यांना!" ती ओरडली. "फक्त घरी जा म्हणा!"

दादांनी खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि वळून गाडीत येऊन बसले. फोन वाजला नव्हता. जोतिबानं फोनचा बंद पडदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

"जोतिबा, गाडी काढ. लग्नाला उशीर हुतोय."

जोतिबा आत बसला, पण गाडी काढायची कशी? समोर माणसांची भिंत होती. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. विजयमाला होती. दादांनी काच चार बोटं खाली केली.

"दादा, तुमी एकच वाक्य बोला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण श्वास लागला होता. "लोकं तुमचं ऐकत्यात. म्हणा, ऊस पेटणार न्हाई, घरला जावा."

"आवं ताई, लोकं चिडल्यात. आत्ता त्यांच्या इरोधात बोलून कसं चालंल? आकारामचा हात बघितलासा न्हवं? मी वरती बोलतो. वनमंत्र्यांशी बोलतो."

"वरती बोलूस्तोवर हितं माणूस मरंल."

दादा नख कुरतडू लागले. विजयमालानं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. जोतिबाला वाटलं, आता ही चिडेल, शाप देईल. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बंद पडलेल्या मोटरकडं बघून माणूस जसं दुसरी सोय काय ते मनात जुळवू लागतो, तसं तिचं चाललं होतं. तिची नजर पुढच्या जीपच्या टपावर गेली. तिथं प्रचाराचे दोन कर्णे बांधलेले होते.

"त्यो माईक चालू हाय का?" तिनं जोतिबाला विचारलं.

जोतिबानं आरशातून दादांकडं पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होते. सतरा वर्षांत त्यानं हुकमाशिवाय एक पाऊल टाकलं नव्हतं. त्यानं गाडीचं दार उघडलं, जीपकडं गेला, बटण दाबलं आणि माईक सरपंचाच्या हातात दिला.

कर्णा आधी किंचाळला. लोक दचकून गप्प झाले.

"मी विजयमाला बोलतीय. आरडू नका, ऐका." तिनं श्वास घेतला. "पिल्लं तीन हायत. आई ह्याच उसात हाय, आत्ता आपल्याला बघतीया. उसाला तिन्ही बाजूनं आपण उभं हाय. पेटवलं तर ती कुठनं बाहेर पडंल? पुढं कोण उभं हाय बघा जरा. संपतभावजी, तुमचा नातू हाय. शालन, तुझी दोनी पोरं हायत. त्यांच्या अंगावरनं जाईल ती."

शालन नावाची बाई हातातलं लाकूड टाकून पोरांकडं पळाली. तिच्यामागं आणखी दोघी.

"आमदारसाहेब काय म्हणाले, त्ये ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ऐकलंय. त्ये ऱ्हाऊ द्या. गावची सरपंच मी हाय. मी सांगतीय, ऊस पेटणार न्हाई. पिल्लं जितं हुती तितंच ठेवायची आन् सगळ्यांनी घरला जायाचं. आई आज सांजच्याला येऊन त्यांना घिऊन जाईल. उद्या ह्यातनं कुणाचं वाईट झालं, तर माझ्या दारात यावा. दादांच्या न्हाई, ह्या मॅडमांच्या न्हाई. माझ्या."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "तुमाला काय जातंय बोलायला! टाकं आकारामला पडल्यात!"

"पडल्यात की," ती म्हणाली. "कराडच्या दवाखान्यात त्यांचं डोस्कं माझ्या मांडीवर हुतं. आकारामभावजी, तुमीच सांगा. तुमी म्हणाल तसं करू."

आख्खं गाव आकारामकडं वळलं. त्यानं गळ्यातल्या हाताकडं बघितलं, मग उसाकडं. "मला लय भ्या वाटतंय वैनी," तो शेवटी म्हणाला, आणि ते बोलताना त्याचा आवाज फाटला. "पण आणिक कुणाला आसं व्हाया नगं. पोरं मागं घ्या."

केरबा मात्र हलेना. कॅन छातीशी धरून तसाच उभा. विजयमालानं माईक जोतिबाच्या हातात दिला आणि चालत त्याच्यापाशी गेली. तो तिचा चुलतदीर होता.

"वैनी, ऊस माझा हाय," तो म्हणाला.

"हाय की. म्हणून तर इचारते. भावजी, गेल्या साली तुमचं रेडकू मेलं तवा म्हस काय करत हुती?"

केरबानं नजर खाली वळवली.

"तीन दिस दावं तोडून हिंडली. तुमीच तिच्यामागं धावत हुता, रडत हुता. ती म्हस हुती. ही बिबट्याची मादी हाय. पिल्लं गेली तर रोज रात्री गावात येईल."

केरबानं कॅन खाली ठेवला. नाराजीनंच ठेवला, पण ठेवला.

मग त्या बाईनं काय केलं, तर प्रत्येकाला काम लावून दिलं. तरण्या पोरांना सांगितलं, तोडणी टोळीच्या झोपड्या फडाला लागून हायत, त्यांचा संसार उचलून शाळेच्या वर्गात न्या. बायकांना म्हणाली, आज गुरं लवकर बांधा, शेरडं घरात घ्या. ट्रॅक्टरवाल्यांना रस्ता मोकळा करायला लावला. आगीची भाषा करणारे हात अर्ध्या तासात भांडीकुंडी वाहू लागले होते. जोतिबाला पलटणीतले एक सुभेदार आठवले. हिमकडा कोसळला त्या दिवशी त्यांनी पळापळ करणाऱ्या जवानांना एकेक फावडं दिलं होतं आणि आपण स्वतः सगळ्यांच्या पुढं खणायला लागले होते. फीत, हुद्दा, पदक असलं त्या क्षणी कुणी बघितलं नव्हतं.

रस्ता मोकळा झाला तसे दादा काच खाली करून म्हणाले, "चल."

"दादा, माईकची जीप हितं लागंल सांजपर्यंत," जोतिबा म्हणाला. "मी जीप घिऊन मागनं येतो. तुमची गाडी त्यो जीपवाला चालवंल."

दादांनी त्याच्याकडं पाहिलं. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी नुसती मान हलवली. सहा गाड्या धुरळा उडवत विट्याकडं गेल्या.

उन्हं कलल्यावर साक्षीनं तो क्रेट उचलून पिल्लं सापडली होती त्याच सरीत नेऊन ठेवला, आडवा, तोंड उघडं करून. विजयमाला तिच्याबरोबर उसात गेली. "तुमी नगासा जाऊ, मॅडम एकट्या जातील," असं कुणी म्हणालं, तर ती म्हणाली, "पोरगी माझ्या गावात उभी हाय. तिला एकटीला कशी धाडू?" दोघी दहा मिनिटांत परत आल्या. जोतिबाची ती दहा मिनिटं काही केल्या सरेनात.

मग साक्षी, विजयमाला, केरबा आणि जोतिबा, असे चौघं केरबाच्या वस्तीच्या स्लॅबवर बसले. साक्षीनं सरीत कॅमेरा बांधला होता, त्याचं चित्र तिच्या मोबाईलवर दिसत होतं. अंधार पडला. खाली चुलीवर केरबाच्या बायकोनं भाकरी टाकलेली, त्याचा वास येत होता.

सव्वासातच्या सुमाराला पडद्यावर ऊस हलला. आधी नुसतं डोकं दिसलं. मग ती सगळी बाहेर आली, लांबसडक, पोट पाठीला चिकटलेली. क्रेटभोवती एक फेरी मारली, वास घेतला, आणि मानेला धरून एक पिल्लू उचललं. दहा मिनिटांनी परत आली, दुसरं नेलं. तिसऱ्याला मात्र फार वेळ लागला. केरबा कुजबुजला, "इसरली का काय?" त्याचा चेहरा अगदी पडला होता. दुपारी हाच माणूस तिला जाळायला निघाला होता, हे जोतिबाला आठवलं. आठ वाजायला आले तेव्हा ती आली आणि तिसरंही घेऊन गेली. केरबानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. साक्षी रडायलाच लागली. विजयमालानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "चल, जेवून घी आधी. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या."

दुसऱ्या दिवशी उंब्रजच्या चौकात फलक लागला. दादांचा हसरा फोटो, मागं बिबट्या, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, आमदारसाहेबांच्या प्रसंगावधानानं मायलेकरांची भेट. जोतिबा तो फलक बघत गाडी पुढं काढत होता, तेव्हा मागून दादांचा आवाज आला.

"काय बोलली रं ती बाई लोकांस्नी? नेमकं?"

जोतिबानं जमेल तसं सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच, दादा."

दादांनी मागं वळून फलकाकडं बघितलं. "मला आलं असतं की त्ये बोलायला," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, अगदी बारीक आवाजात, "कुणी नाराज झालं की मला झोप लागत न्हाई, जोतिबा. लहानपणापासनं. वडलांच्या, आबांच्या जागी निवडणुकीला मला उभं केलं तवा पण न्हाई म्हणता आलं न्हाई मला." जोतिबाला त्यांची कीव आली. एवढा मोठा माणूस, आणि मागच्या सीटवर शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा बसला होता.

दहा-बारा दिवसांनी दादांनी जोतिबाला चिंचणवाडीला धाडलं. पलूसला जाहीर सत्कार ठेवला होता, त्याचं निमंत्रण सरपंचांना द्यायचं होतं. जोतिबा सकाळीच पोचला, तर विजयमालाच्या अंगणात तीसेक माणसं उभी. आदल्या रात्री बिबट्यानं केरबाची गाभण शेळी नेली होती. केरबा पुढं होता.

"तुमी म्हणाला हुता, दारात यावा," तो म्हणाला. "आलो."

जोतिबाला वाटलं, आता ही बाई काय सांगणार? वनखात्याकडं बोट दाखवेल, आमदारांकडं दाखवेल. विजयमाला पायरीवर आली.

"बरं केलं आलासा," ती म्हणाली. "मी शेरडं घरात घ्या म्हणाले त्या दिवसापुरतं. रोज सांगायला पायजे हुतं. गोठ्याला जाळी न्हाई, त्ये माझ्या आधीच ध्यानात यायला पायजे हुतं. चुकलं माझं. आता शिव्या द्यायच्या तर द्या, पण त्या दिऊन झाल्या की आत या. कुणाचा गोठा उघडा हाय त्याची यादी करू."

शिव्या दिल्या दोघातिघांनी. तिनं मान खाली न घालता ऐकून घेतल्या. मग चहा झाला आणि यादी सुरू झाली. अठ्ठावन्न गोठे निघाले. केरबाच नावं सांगत होता.

सत्काराचं निमंत्रण तिनं वाचलं आणि बाजूला ठेवलं. "दादांना माझा नमस्कार सांगा. सत्काराला यायला जमायचं न्हाई," ती म्हणाली. "पण एवढा कागद न्याल का? गोठ्यांच्या जाळीचा प्रस्ताव हाय. यादी जोडून आत्ताच लिवलाय, त्यांची शिफारस लागती. त्यांना व्हय म्हणायचं असंल तर म्हणू द्या, न्हाई तर न्हाई म्हणू द्या. मी मग दुसरी वाट बघीन."

जोतिबानं कागद घडी करून खिशात घातला.

संध्याकाळी कराडच्या बंगल्यावरून दादांना घेऊन निघताना त्यानं तो कागद मागं दिला. दादांनी वाचला आणि अंगठा तोंडाकडं गेला. "चिंचणवाडीला दिली की शेजारची चार गावं मागतील. त्यांना काय सांगू? बघू, जरा थांबू."

जोतिबानं गाडी चालू केली नाही. किल्लीवर हात ठेवून तसाच बसला. पुढच्या गाड्यांनी भोंगे वाजवले.

"दादा," तो म्हणाला, "न्हाई म्हणायचं असंल तर न्हाई म्हणा. म्या जाऊन सांगतो, नाराज झाली तर माझ्यावर हुईल. पण काय त्ये आज म्हणा. आवं, ती बाई तीस माणसांच्या शिव्या खाऊन यादी करत बसलीया."

भोंगे पुन्हा वाजले. दादांचा मोठा फोनही वाजू लागला. त्यांनी तो सीटवर उपडा घातला.

"पेन हाय का?" त्यांनी विचारलं.

जोतिबानं खिशातलं पेन मागं दिलं. गाडीत फोटो काढणारं कुणी नव्हतं. दादांनी कागद गुडघ्यावर धरला, सही केली, आणि सहीखाली आपल्या हातानं लिहिलं, तातडीने. मग क्षणभर थांबून विचारलं, "बाकीची चार गावं कुठली रं? त्यांच्या सरपंचांना इचारायला पायजे, त्यांचं गोठं किती त्ये."

"इचारू की," जोतिबा म्हणाला आणि गाडी सुरू केली.

महाशिवरात्रीच्या आधी चिंचणवाडीत जाळी आली. जोतिबानं दोन दिवसांची रजा काढली आणि पलटणीत शिकलेलं वेल्डिंग घेऊन तिथं गेला. सगळ्यात पहिला गोठा केरबाचा झाला. विजयमाला एका हातानं जाळी धरून उभी होती आणि दुसऱ्या हातानं यादीतलं पुढचं नाव शोधत होती.